परदेशी ब्रँडची नावं बोलायला शिका: नाशिकमध्ये काउंटरवर नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी

पेठ, सुरगाणा, कळवण, सटाण्याकडून दर वर्षी कितीतरी मुलंमुली नाशिकला येतात. कुणी कॉलेज रोडवरच्या शोरूममध्ये लागतं, कुणी सिटी सेंटर मॉलमधल्या दुकानात, कुणी एमजी रोडवरच्या मोबाइलच्या गाळ्यात, तर कुणी गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरीत. मालाची माहिती लवकर पाठ होते. किंमत, साइज, वॉरंटी, ऑफर, सगळं जमतं. अडतं ते नावाशी. गिऱ्हाईक समोर असताना नाव घ्यायची वेळ आली की आवाज खाली जातो, वस्तूकडे बोट दाखवून ‘हे वालं’ म्हणून निभावलं जातं. समोरच्याला वाटतं, याला मालाचीच माहिती नाही.

मी नव्या मुलांना काउंटरवर बोलायला शिकवते, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगते: परदेशी नावं उच्चारण्यासाठी लागणारी बरीचशी सामग्री तुमच्या जिभेवर लहानपणापासून आहे. इंग्रजीपेक्षा मराठीत व्यंजनं अधिक बारकाईनं वेगळी केलेली आहेत. घोटाळा होतो तो नाव इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे वाचलं जातं म्हणून. ज्या नावाचा इंग्रजीशी संबंधच नाही, ते इंग्रजीच्या चष्म्यातून कशाला वाचायचं? एवढी सवय मोडली की पुढचं काम बरंच हलकं होतं.

पायरी १: नाव कोणत्या भाषेतलं, ते आधी शोधा

खोक्यावर ‘मेड इन’पुढे जो देश लिहिलेला असतो, त्याचा इथे उपयोग नाही. बूट व्हिएतनाममध्ये शिवलेला असतो आणि नाव जर्मन असतं. कंपनी मूळची कुठली आणि नाव कुणाचं, हे पाहा. बहुतेक जुने ब्रँड म्हणजे माणसांची आडनावं आहेत. बॉश हे रोबर्ट बॉश यांचं आडनाव; त्यांनी १८८६ मध्ये श्टुटगार्टला कार्यशाळा काढली. आपल्या सातपूरच्या कारखान्याला जुने लोक आजही मायको म्हणतात, कारण २००८ पर्यंत कंपनीचं नाव मोटर इंडस्ट्रीज कंपनी असं होतं. नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी मायको सर्कल आजही मायको सर्कलच आहे. पण मुलाखतीला जाताना ‘बॉस्च’ म्हणू नका. जर्मनमध्ये एस, सी, एच ही तीन अक्षरं एकत्र आली की सरळ श होतो.

काही नावं चकवतात. माँब्लाँ पेनाची कंपनी जर्मनीतल्या हांबुर्गची, पण नाव फ्रेंच, आल्प्समधल्या शिखराचं. म्हणून त्यातले शेवटचे टी आणि सी दोन्ही गप्प. फेरेरो रोशे या चॉकलेटातलं पहिलं नाव इटालियन आडनाव आणि दुसरा शब्द फ्रेंच. एकाच नावात दोन भाषांचे नियम चालतात. लुई फिलीप हा शर्ट आपल्याकडे एका भारतीय समूहाकडून येतो, पण नाव फ्रान्सच्या राजाचं आहे, त्यामुळे ‘लुइस’ नाही, लुई. श्नायडर हे आडनाव जर्मन आणि कंपनी फ्रान्सची. फ्रेंच लोक ते ‘श्नेदेर’च्या जवळपास म्हणतात, आणि भारतात कंपनी स्वतःला श्नायडर म्हणवते.

लॅक्मे तर खास सांगायला हवं. टाटांनी १९५२ मध्ये हा सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड काढला आणि नाव घेतलं एका फ्रेंच संगीतिकेच्या भारतीय नायिकेवरून. ते लक्ष्मी या नावाचंच फ्रेंच रूप आहे. शेवटच्या ई या अक्षरावर तिरकी रेघ आहे, म्हणून तो ए स्पष्ट म्हणायचा. नेस्लेमध्येही तीच रेघ.

अक्षरांवरच्या या खुणा इंग्रजीत नसतात, म्हणून आपली नजर त्यांच्यावरून घसरते. पण उच्चाराची किल्ली पुष्कळदा तिथेच असते. स्कोडाच्या मूळ चेक नावात एसवर छोटी उलटी टोपी आहे. तिच्यामुळे त्याचा श होतो आणि मूळ उच्चार ‘श्कोदा’ असा आहे. खोक्यावर, लेबलवर अशी खूण दिसली की वहीत टिपून ठेवा.

पायरी २: जिभेवर काय तयार आहे, ते ओळखा

ही पायरी घाईत उरकू नका. इथे दिलेला वेळ पुढे सगळीकडे उपयोगी पडतो.

पहिली गोष्ट त आणि ट. इंग्रजी बोलणाऱ्याकडे यांतला एकच, आणि तोही आपल्या ट कडे झुकणारा. आपल्याकडे दोन्ही. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, चेक, जपानी या भाषांत तो बहुतेक ठिकाणी आपला दातांचा त असतो, आणि ड च्या जागी द. म्हणून डुकाटी नाही, दुकाती. टिसॉट नाही, तिसो. जर्मन आणि इंग्रजी नावांत मात्र ट आणि ड जवळचे. एवढा एकच नियम लावला तरी निम्मी नावं सुधारतात. ‘दुकाती’ म्हणताना कुणी हसलं तर हसू द्या. बोलोन्याच्या माणसाला तेच बरोबर वाटेल.

दुसरी गोष्ट च. मराठीत च दोन आहेत, हे आपण शाळेत लिहून दाखवत नाही, पण बोलताना कधी चुकत नाही. चहा, चिमणी यांतला च वेगळा आणि चोर, चाळ, चाक यांतला वेगळा. या दुसऱ्या च साठी परदेशी लोक ‘त्स’ अशी कसरत करतात. जर्मन झेड म्हणजे नेमका हा चोरातला च. बेंझचा मूळ जर्मन उच्चार ‘बेन्त्स’, चष्म्याच्या काचांच्या झाइसचा ‘त्साइस’. इटालियन पिझ्झा, लावाझ्झा कॉफी यांतही तोच, फक्त जोर देऊन: पित्सा, लावात्सा. चोर म्हणताना जीभ कुठे टेकते ते पाहा आणि तिथूनच म्हणा.

ज चंही तसंच. जेवणातला ज एक, बाजारातला दुसरा. सराफ बाजार म्हणताना जो घासून ज येतो, तो इंग्रजी आणि जपानी झेडसाठी थेट चालतो. आपण लिहिताना झारा, सुझुकी असं झ नं लिहितो, त्यामुळे नवा माणूस झाडातल्यासारखा श्वास सोडून झ म्हणतो. लिहा झ, पण बोला बाजारातला ज.

तिसरी गोष्ट जोड. मराठी माणूस ‘रस्सा’ आणि ‘रसा’ यांत गल्लत करत नाही. मिसळीच्या गावात तर नाहीच. हीच दुप्पट व्यंजनं इटालियन आणि जपानीत जागोजाग येतात. गुच्चीतला च्च ‘कच्ची’तल्यासारखा. निसान हे जपानीत ‘निस्सान’ आहे, रस्स्यातला स्स.

चौथी गोष्ट नाकातला स्वर. मराठी लिहिताना आपण अनुस्वार देतो आणि बोलताना त्याचा न, म किंवा ङ करतो. फ्रेंचला तो व्यंजन न होता नुसता नाकात राहिलेला हवा. हिंदीतलं ‘हाँ’ आणि ‘माँ’ सगळ्यांना येतं. तेवढंच नाक, तेवढीच लांबी. म्हणून फ्रेंच नावं वहीत लिहिताना चंद्रबिंदू वापरा, म्हणजे वाचताना आपोआप न येणार नाही.

आता आपल्याकडे नसलेल्या दोन गोष्टी. एक आहे फ्रेंच जे चा आवाज, जो इंग्रजी ‘टेलिव्हिजन’ या शब्दात मधे ऐकू येतो. तो असा काढा: गळ्यावर दोन बोटं ठेवून लांब श म्हणा. गळा थरथरत नाही. जीभ जरासुद्धा न हलवता आवाज सुरू करा. गळा थरथरला की तो ध्वनी तयार. वहीत यासाठी झ खाली एक रेघ ओढा. पझो ही फ्रेंच मोटार, लोँझीन हे घड्याळ, झिवाँशी हा अत्तर-कपड्यांचा ब्रँड, तिन्हींतला झ रेघवाला.

दुसरी गोष्ट ओठांची. ओठ ऊ म्हणायला करतो तसे गोल करा आणि आतून ई म्हणा. फ्रेंच यू आणि दोन टिंबांचा जर्मन यू असा असतो. तसंच ओठ ओ चे करून ए म्हणा. पझोतला पहिला स्वर तोच. आरशासमोर रोज थोडा वेळ केलं की बसतो. काउंटरवर तो अगदी तंतोतंत यायलाच हवा असं नाही, पण एकदा काढता आला की समोरच्याचा उच्चार कानाला ओळखू येतो, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. फ्रेंच घशातला र मात्र सोडून द्या. आपला र सगळीकडे समजतो.

पायरी ३: प्रत्येक भाषेचे मोजके नियम शिका

नाशिककरांनी सुरुवात फ्रेंचपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण द्राक्षं. सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली आली आणि त्यानंतर दिंडोरी, निफाड, गंगापूरच्या भागात वायनरी वाढत गेल्या. शेतकऱ्याच्या तोंडी आधी थॉमसन, सोनाका, शरद अशी खायच्या द्राक्षांची नावं होती. वाइनच्या द्राक्षांबरोबर फ्रेंच नावं शेतात आली. आज टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे पाहुण्यांना वाइन चाखायला देतात तिथे, कामाला लागलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी ही नावं मोठ्यानं घ्यावी लागतात.

फ्रेंचचा मुख्य नियम असा की शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुधा गप्प असतं. टी, डी, एस, एक्स, झेड हे तर जवळजवळ नेहमीच. मेर्लो, पिनो, काबेर्ने यांच्या शेवटी टी लिहिलेला आहे, म्हणायचा नाही. शेवटी ई हे अक्षर आलं की त्याच्या आधीचं व्यंजन जागं होतं, आणि तो ई स्वतः गप्प राहतो. लाकोस्तमधला त म्हणूनच ऐकू येतो. जी आणि एन एकत्र आले की न्य होतो, आपल्या ‘अन्याय’मधल्यासारखा. डबल एल, ए-यू, ओ-आय यांचेही नियम आहेत, ते नावं येतील तसे शिकता येतात.

आता वाइनच्या द्राक्षांची यादी, फ्रेंच उच्चाराप्रमाणे. शनँ ब्लाँ, सोव्हिन्योँ ब्लाँ, काबेर्ने सोव्हिन्योँ, शार्दोने, व्ह्योन्ये, मेर्लो, पिनो न्वार, ग्रनाश. ‘चेनिन ब्लँक’ असं वाचलं जातं ते इंग्रजी सवयीनं. फ्रेंचमध्ये सी-एच म्हणजे श, आणि ब्लाँमधला सी गप्प. पांढरी, गुलाबी, लाल यांतल्या गुलाबीला रोझे. शेवटच्या ई वर रेघ आहे, ए म्हणायचाच. बुडबुड्यांच्या वाइनच्या बाटलीवर ‘ब्रूत’ लिहिलेलं असतं, म्हणजे कमी गोड, कोरडी. इथे शेवटचा त म्हणायचा, हा अपवाद लक्षात ठेवा.

सगळीच नावं फ्रेंच नाहीत, हेही ध्यानात असू द्या. रीस्लिंग जर्मन आहे, तिथे आय-ई म्हणजे ई. तेम्प्रानियो स्पॅनिश, तिथे डबल एल म्हणजे य. सांजोव्हेझे इटालियन. शिराझ आणि सिरा हे एकच द्राक्ष. पहिलं नाव ऑस्ट्रेलियाकडून रूढ झालं, दुसरं फ्रान्समध्ये चालतं. पाहुण्यानं सिरा मागितली आणि लेबलवर शिराझ असेल तर ‘ती नाही’ म्हणू नका.

दिंडोरीतल्या शाँदोँ वायनरीच्या नावात दोन्ही स्वर नाकातले. त्याच्या मूळ घराण्याच्या नावात आणखी एक अपवाद आहे: मोएत. लोक फ्रेंच नियम शिकतात आणि उत्साहानं ‘मोए’ म्हणायला लागतात. तिथला त म्हणायचा असतो. तसाच एर्मेस या फॅशन ब्रँडमधला स. अर्धवट शिकलेल्या नियमानं होणारी चूक ही न शिकलेल्या चुकीपेक्षा जास्त ठसठशीत दिसते, म्हणून नावागणिक ऐकून खात्री करा.

वाइन सोडून फ्रेंच नावं म्हटली तर: रनो, पझो, सित्रोएन या मोटारी. लोरेआल, गार्न्ये ही सौंदर्यप्रसाधनं. कार्त्ये, तिसो ही घड्याळं. तिसो स्वित्झर्लंडचं, पण तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातलं. इलेक्ट्रिकच्या दुकानात बसणाऱ्यांसाठी लग्राँ, त्यातला शेवटचा डी गप्प.

जर्मनचे नियम कमी आणि पक्के आहेत. त्यामुळे ही भाषा एका बैठकीत वाचता येऊ लागते. डब्ल्यू म्हणजे व्ह, व्ही म्हणजे बहुधा फ. म्हणून फोल्क्सवागेन. शब्दाच्या सुरुवातीला, स्वराच्या आधी आलेला एस म्हणजे बाजारातला ज. सीमेन्सला जर्मनीत ‘झीमेन्स’ म्हणतात. ई-आय म्हणजे आय, आय-ई म्हणजे ई; लायका कॅमेरा आणि मीले वॉशिंग मशीन हे दोन शब्द पाठ केले की ही जोडी कधी उलटी होत नाही. ए-यू म्हणजे आउ, म्हणून आउडी. मराठी वर्तमानपत्रांत ऑडी छापून येतं, ते आपल्या इंग्रजी सवयीचं. ई-यू म्हणजे ऑय. टॅग हॉयर या घड्याळात ते दिसतं. शब्दारंभी एस-टी म्हणजे श्ट. कंपासपेटीतली श्टेटलरची पेन्सिल आठवा. टी-एच म्हणजे नुसता ट. शेवटचा ई म्हणायचा, म्हणून पोर्शे दोन अवयवांचं, म्हणजे पोर्-शे असं दोन तुकड्यांत म्हणायचं.

इटालियन ही मराठी माणसाला सर्वांत सोयीची. जसं लिहिलं तसं वाचलं जातं, आणि शेवटचा स्वर नेहमी म्हणायचा. सी नंतर ई किंवा आय आला तर च, मधे एच घातला तर क. म्हणून वेर्साचे, पण मोस्कीनो. जी चंही तसंच: एच असला की ग, म्हणून लांबोर्गिनी. याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या रस्त्यावर धावतो. प्याज्जो कंपनीची तीनचाकी, जिचं नाव इटालियनमध्ये आपे, म्हणजे मधमाशी. १९४८ पासून ती इटलीत आहे आणि बारामतीलाही बनते. इंग्रजी शिकलेला माणूस ते स्पेलिंग ‘एप’ असं वाचेल. आपल्या गावोगावचे रिक्षावाले मात्र ‘ॲपे’ म्हणतात, शेवटच्या ए सकट. इंग्रजी स्पेलिंगचं ओझं नसलं की कान किती सरळ चालतो, ते यातून दिसतं.

स्पॅनिशवर इथे फार थांबत नाही. झाराला स्पेनमध्ये जीभ दातांत घेऊन म्हणतात, पण आपल्याकडे आणि जगभर झाराच चालतं.

जपानी नावांना एकच पथ्य: कोणत्याही अक्षरावर जोर नको. तो-यो-ता, या-मा-हा, का-वा-सा-की, सगळी अक्षरं सारख्या वजनाची, आपल्या बाराखडीसारखी. जपानी अक्षरमालेचा क्रमही संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे, त्यामुळे देवनागरीत ती नावं सहज मावतात. इंग्रजी ढंगानं ‘टोयोऽटा’ असं मधे ताणायची सवय मात्र सोडावी लागते. कॅसिओ घड्याळ संस्थापक काशिओ यांच्या आडनावावरून आलं, आणि जपानमध्ये ते आजही काशिओच आहे.

कोरियन ह्युंदाई मूळ उच्चारात दोनच अवयवांचं आहे, ‘ह्यॉन्दे’च्या जवळ. चिनी नावांत एक्स म्हणजे श, म्हणून श्याओमी. क्यू म्हणजे छ. ह्वावेईतला पहिला ह सोडू नका.

अमेरिकी नावंही गृहीत धरू नका. नायकी हे ग्रीक विजयदेवतेचं नाव, दोन अवयवांचं, ‘नाइक’ नव्हे. लीव्हाइज हे संस्थापक लीव्हाय स्ट्रॉस यांचं नाव, ‘लेव्हिस’ नव्हे. शेव्हरोले मोटार अमेरिकेची, आडनाव फ्रेंच, टी गप्प.

पायरी ४: कानानं खात्री करा

नियमांनी अंदाज येतो, खात्री ऐकूनच होते. इंटरनेटवर ‘या नावाचा उच्चार कसा’ असे व्हिडिओ ढिगानं आहेत. त्यांतले पुष्कळ यंत्राच्या आवाजातले असतात, आणि यंत्राला कुठली भाषा लावली आहे हे कळत नाही. त्यांच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा त्या देशातली त्या कंपनीची जाहिरात त्या देशाच्या भाषेत शोधा. शेवटी नाव उच्चारलं जातंच. फोर्व्हो या संकेतस्थळावर त्या त्या भाषेचे लोक स्वतःच्या आवाजात शब्द म्हणून ठेवतात, तेही चांगलं. गुगल ट्रान्सलेटमध्ये ऐकायचं असेल तर आधी भाषा बदलून फ्रेंच, जर्मन किंवा जी असेल ती निवडा. इंग्रजीवर ठेवून रनो ऐकलंत तर इंग्रजी रनोच ऐकू येईल.

एकदा ऐकलं की लगेच मोठ्यानं म्हणा. मनात म्हटलेलं नाव जिभेला कळत नाही. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐका. ज्यांना भाषा पुढे नीट शिकायची आहे, त्यांच्यासाठी पुण्यात जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहे.

पायरी ५: पाट्या वाचत फिरा, वही करा

महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच दुकानांना मराठी पाटी देवनागरीत लावणं बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे सुटीच्या दिवशी कॉलेज रोडवरून गंगापूर रोडपर्यंत चालत जा आणि प्रत्येक परदेशी नावाची पाटी वाचा. दोन प्रकार दिसतील. मोठ्या कंपन्यांनी विचार करून ठरवलेलं देवनागरी नाव, आणि पाटी रंगवणाऱ्यानं स्पेलिंग पाहून अक्षराला अक्षर लावलेलं नाव. पहिला प्रकार ओळखण्यासाठी कंपनीच्या मराठी वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिराती पाहा. तिथलं देवनागरी रूप कंपनीनं मान्य केलेलं असतं. रेनो, फोक्सवॅगन, ह्युंदाई, शाओमी ही रूपं अशीच ठरलेली आहेत.

वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने करा. एकात मूळ भाषेतला उच्चार, दुसऱ्यात भारतात कंपनी स्वतः वापरते तो. चोरातल्या च खाली आणि बाजारातल्या ज खाली टिंब, टेलिव्हिजनवाल्या झ खाली रेघ, नाकातल्या स्वरावर चंद्रबिंदू. रोमन लिपीत उच्चार लिहून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी वाचताना परत इंग्रजीच बाहेर येतं. आपली लिपी या कामासाठी फार चांगली आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा.

पायरी ६: गिऱ्हाइकासमोर कोणता उच्चार?

आता सर्वांत नाजूक भाग. दोन रकान्यांतला कोणता बोलायचा? माझं उत्तर: काउंटरवर दुसरा, म्हणजे भारतात कंपनी वापरते तो. नव्या मुंबईत फर्निचरच्या त्या दुकानाला सगळे आयकिया म्हणतात, जाहिरातीतही तेच. स्वीडनमध्ये ते इकेआ आहे, संस्थापकाच्या नावाची, शेताची आणि गावाची आद्याक्षरं जोडून १९४३ मध्ये केलेलं. हे माहीत असणं उत्तम. पण घरासाठी कपाट शोधणाऱ्या मावशींना ‘इकेआ’ म्हणून बुचकळ्यात टाकणं बरं नाही. बाटा तर चेक आडनाव आहे, झ्लीन गावात १८९४ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचं, आणि तिथला उच्चार ‘बात्या’च्या जवळचा. पण बाटा आता इतकं आपलं झालंय की ते बदलायचा विचारही करू नये.

पहिला रकाना कधी लागतो? मुलाखतीत, कंपनीच्या परदेशी साहेबांसमोर, वायनरीत बाहेरदेशचे पाहुणे आल्यावर, आणि एखादं नाव भारतात अजून रुळलेलंच नसतं तेव्हा. वाइनच्या बाबतीत तर मी मूळ उच्चारच धरायला सांगते. ही नावं आपल्याकडे अजून रुळत आहेत. आज टेस्टिंग रूममध्ये जे म्हटलं जाईल तेच उद्या नाशिकमध्ये चालेल.

गिऱ्हाइकाला दुरुस्त करायचं नाही. हा नियम कधीच मोडू नका. सिडकोतून आलेले काका म्हणाले, ‘रेनॉल्टची गाडी दाखव बेटा,’ तर ‘काका, रेनो म्हणतात’ हे वाक्य गिळा. ‘हो काका, या ना, कोणतं मॉडेल बघायचं?’ एवढंच पुरे. पुढे बोलता बोलता तुमच्या तोंडून दोनदा रेनो येईल, त्यांनी उचललं तर उचललं. मॅडमनी ‘पोर्श’ म्हटलं आणि तुम्हाला पोर्शे माहीत आहे, तरी शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहून हसू नका. गिऱ्हाईक नावाच्या परीक्षेला आलेलं नसतं. कुणी स्वतःहून विचारलं, ‘याचा नेमका उच्चार काय हो?’, तर आनंदानं सांगा, सावकाश दोनदा म्हणा, आणि ‘आपल्याकडे बरेच जण असंही म्हणतात’ हे जोडा.

उलट प्रसंगही येतो. गिऱ्हाईक तुमचा उच्चार दुरुस्त करतं, आणि वहीप्रमाणे बरोबर तुम्ही असता. वाद घालू नका. ‘हो सर’ म्हणा आणि त्यांच्या शब्दानं पुढे बोला. दोन रूपं चालतात हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे तुमचं काही बिघडत नाही.

आणि समोर अगदीच अनोळखी नाव आलं तर? अंदाजानं पुटपुटू नका आणि वस्तूकडे बोटही दाखवू नका. सरळ विचारा, ‘मॅडम, हे नाव तुम्ही कसं घेता?’ बहुतेक लोकांना हा प्रश्न आवडतो. त्यांनी सांगितलेलं मोठ्यानं एकदा परत म्हणा, आणि गिऱ्हाईक बिलाच्या काउंटरकडे गेलं की वही उघडून लिहा. घरी गेल्यावर ऐकून पडताळा. पहिल्या महिन्यात सगळे ब्रँड करायला जाऊ नका. तुमच्याच रॅकवरची, तुमच्याच वाइन कार्डवरची नावं घ्या, आणि ती सकाळी दुकान उघडताना, माल लावता लावता मोठ्यानं म्हणत जा. शेजारच्या नव्या मुलीलाही सोबत म्हणायला लावा; दोघींपैकी एकीला ऐकू येणारी चूक दुसरीला येत नाही.